सिएना : सतरा आळ्यांचं गाव

आमच्या वेळी बँकेच्या प्रशिक्षण वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जायचा. जगात आज चालू असलेल्या बँकांपैकी सर्वांत जुनी बँक कोणती? उत्तर, मोन्ते देई पास्की दी सिएना, स्थापना १४७२. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या १५८ वर्षं आधी. उत्तर सगळ्यांना पाठ असायचं, पण हे सिएना कुठे आहे, तिथे काय आहे, हे विचारायची गरज कुणाला कधी वाटली नाही. मलाही वाटली नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, वाचन झालं, आणि पुढे मुलीकडे युरोपात गेलो असताना दोन दिवस ते गाव पायी पाहायला मिळालं. तेव्हा लक्षात आलं की बँक ही त्या गावाची फार छोटी ओळख आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "काहीही लिहा, पण लिहा" असा आग्रह धरला, म्हणून या गावाबद्दल लिहितो आहे. आपल्यासारख्या एकत्र राहणाऱ्या मंडळींना त्यात रस वाटावा असं बरंच काही आहे.

सिएना हे इटलीच्या तोस्काना प्रांतातलं, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला असलेलं डोंगरावरचं गाव. लोकवस्ती जेमतेम पन्नास-पंचावन्न हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. तीन डोंगरसोंडा एका ठिकाणी मिळतात, त्यावर हे वसलं आहे. सगळे रस्ते चढाचे किंवा उताराचे, घरं भाजलेल्या विटांची, तांबूस रंगाची. गावाची स्थापना रोमच्या रेमसच्या मुलांनी केली अशी दंतकथा आहे, त्यामुळे दोन बाळांना दूध पाजणारी लांडगीण तुम्हाला सिएनातही जागोजागी दिसते. दंतकथा बाजूला ठेवली तरी रोमन काळात इथे वसाहत होती हे खरं. पण गावाला दिवस आले ते नंतर, उत्तर युरोपातून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर असल्यामुळे. यात्रेकरू आले की धर्मशाळा आल्या, धर्मशाळा आल्या की नाणी बदलून देणारे आले, आणि त्यातून सावकार आणि पेढीवाले तयार झाले. तेराव्या शतकात इथल्या बोन्सिन्योरी घराण्याची 'ग्रान ताव्होला', म्हणजे 'मोठं टेबल', ही पेढी युरोपातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी होती, पोपचे पैसे सांभाळत होती. हे मोठं टेबल १२९८ मध्ये आडवं झालं. पेढी बुडणं ही काही आजकालची गोष्ट नाही.

पैसा आला तसं शेजाऱ्याशी वैरही आलं. शेजारी म्हणजे फ्लॉरेन्स. ४ सप्टेंबर १२६० रोजी मोन्तापेर्ती इथे सिएनाने फ्लॉरेन्सच्या सैन्याचा दणदणीत पराभव केला. लढाईच्या आधी गावकऱ्यांनी अनवाणी चालत जाऊन गावाच्या किल्ल्या मेरीमातेच्या चरणी ठेवल्या होत्या, तेव्हापासून सिएना स्वतःला मेरीमातेचं गाव म्हणवतं. या विजयाला साडेसातशे वर्षं होऊन गेली. त्यानंतर फ्लॉरेन्सने सिएनाला कायमचं जिंकलं, तेही लवकरच सांगतो. पण सिएनाच्या माणसाशी बोलायला बसलात तर तो मोन्तापेर्तीची गोष्ट काल घडल्यासारखी सांगेल.

गावाचा खरा उत्कर्ष १२८७ ते १३५५ या अडुसष्ट वर्षांतला. या काळात 'नऊ जणांचं' सरकार होतं. हे नऊ जण व्यापारी-पेढीवाल्यांमधले, मोठ्या सरदार घराण्यांना मुद्दाम बाहेर ठेवलेलं. मुदत फक्त दोन महिने. त्या दोन महिन्यांत त्यांनी सरकारी वाड्यातच राहायचं, घरी जायचं नाही, म्हणजे कुणी येऊन कानाशी लागायला नको. (आपल्या व्यवस्थापक समितीला हा नियम लावला तर निवडणुकीला एकही अर्ज येणार नाही.) १३०९-१० मध्ये त्यांनी गावाचे सगळे कायदे लॅटिनमधून लोकांच्या बोलीत उतरवून घेतले आणि मोठ्या ठळक अक्षरांत लिहवून ठेवले. कारण काय, तर ज्यांना लॅटिन येत नाही त्या गरीब माणसांनाही ते वाचता यावेत. हे ज्या काळात झालं, त्या काळात राजाचा कायदा रयतेला वाचता यावा ही कल्पना फार थोड्यांना सुचत होती.

त्याच सरकारने गावाचा चौक बांधला. त्याचं नाव पियाझ्झा देल काम्पो, सगळे नुसतं 'काम्पो' म्हणतात. शिंपल्यासारखा आकार, एका बाजूला उतार, विटांची फरसबंदी, आणि त्या फरसबंदीत पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी पाडलेले नऊ भाग, नऊ जणांच्या आठवणीला. चौकाच्या कडेच्या घरांच्या खिडक्या कशा असाव्यात याचा नियम १२९७ सालचा आहे! आपल्याकडे बाल्कनीच्या जाळ्या एकसारख्या असाव्यात यावर तीन वार्षिक सभा झाल्या, त्या सभासदांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा. चौकाच्या उताराच्या बाजूला सरकारी वाडा आहे आणि त्याच्या शेजारी उंच सडसडीत मनोरा, तोर्रे देल मांजा. इटालियनमध्ये मांजा म्हणजे 'खातो'. मनोऱ्यावरची घंटा वाजवणाऱ्या पहिल्या माणसाला पगार हातात पडला की उडवून टाकायची सवय होती, म्हणून लोक त्याला 'कमाई खाणारा' म्हणत, आणि तेच नाव मनोऱ्याला चिकटलं. पेढीवाल्यांच्या गावातल्या सर्वांत उंच इमारतीला एका उधळ्या माणसाचं नाव असावं याची मला गंमत वाटते.

वाड्यात आत जी खोली नऊ जणांच्या बैठकीची, तिथल्या भिंतींवर आंब्रोज्यो लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये मोठी चित्रं रंगवली. विषय चांगला कारभार आणि वाईट कारभार. त्या काळात भिंतीवर चित्र म्हणजे देवाधर्माचंच असायचं, इथे मात्र कारभाराचं आहे. चांगल्या कारभाराच्या गावात गवंडी काम करताहेत, मास्तर शिकवताहेत, मुली फेर धरून नाचताहेत, शेतकरी गाढवावर माल लादून वेशीतून आत येतो आहे. वाईट कारभाराकडे शिंगं असलेला जुलमी राजा आणि ओसाड शेतं. पण मला सर्वांत आवडली ती एका कोपऱ्यातली बाई. ती 'एकोपा' आहे. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल घासून सारखं करायला. तिच्या हातातून निघालेला दोर चोवीस नागरिकांनी धरला आहे. कुणी बांधलेलं नाही, ज्याने त्याने आपल्या हाताने धरला आहे. बैठकीला बसलेल्या नऊ जणांना मान वर केली की हे दिसायचं. ते बघून किती जण सुधारले ते देवाला ठाऊक, पण समोर तर होतं.

आणि मग १३४८. प्लेगने काही महिन्यांत गाव निम्म्याहून अधिक रिकामं केलं असं इतिहासकार मानतात. चित्रकार लोरेंझेत्तीही त्यातच गेला असावा. आन्योलो दी तुरा नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलं आहे की त्याने आपल्या पाच मुलांना स्वतःच्या हातांनी पुरलं. गावाने त्याआधी नऊ वर्षं एक मोठं काम हाती घेतलं होतं. असलेलं कॅथेड्रल म्हणजे नव्या कॅथेड्रलची फक्त आडवी बाजू ठरेल, इतकं प्रचंड देऊळ बांधायचं, फ्लॉरेन्सचे डोळे दिपले पाहिजेत. साथीनंतर पैसाही नाही आणि माणसंही नाहीत. काम थांबलं ते थांबलंच. त्या न झालेल्या देवळाची एक उंच भिंत आजही एकटी उभी आहे. पुढे छप्पर नाही, मागे देऊळ नाही. तिकीट काढून तिच्यावर चढता येतं आणि सगळं गाव दिसतं. अर्धवट राहिलेलं बांधकाम पाडून टाकायचं किंवा झाकायचं, ही आपली रीत. त्यांनी ते तसंच ठेवलं.

नंतरची दोनशे वर्षं भांडणांची, सरकारं बदलण्याची, पण गाव स्वतंत्र होतं. याच काळात १४७२ मध्ये गावाच्या कौन्सिलने 'मोन्ते दी पिएता' काढली. शब्दशः 'दयेचा ढीग'. गरीब माणूस वस्तू गहाण ठेवील, त्याला कमी व्याजाने कर्ज मिळेल, सावकाराच्या तावडीतून तो सुटेल, हा उद्देश. आपली जगातली सर्वांत जुनी बँक ती हीच. म्हणजे मुळात ती पतपेढीच होती म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्य गेलं १५५५ मध्ये. सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो दे मेदिची यांच्या फौजांनी सिएनाला वर्षाहून अधिक काळ वेढा घातला. धान्य संपत आलं तेव्हा लढू न शकणाऱ्यांना, म्हणजे म्हातारे, आजारी, पोरंबाळं, 'निरुपयोगी तोंडं' ठरवून वेशीबाहेर काढलं गेलं. बाहेर शत्रू त्यांना पुढे जाऊ देईना, आतले आत घेईनात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण सिएनाची एकजूट, सिएनाचा अभिमान याबद्दल वाचताना हे पान बहुतेक ठिकाणी चटकन उलटलं जातं. एप्रिल १५५५ मध्ये गावाने शरणागती पत्करली. काहीशे घराण्यांनी मोन्ताल्चीनो या डोंगरी गावात जाऊन 'आम्हीच सिएनाचं प्रजासत्ताक' म्हणत आणखी चार वर्षं काढली. १५५९ मध्ये तेही संपलं. सिएना फ्लॉरेन्सच्या राज्यात गेलं.

पुढची तीन शतकं गाव जवळजवळ वाढलंच नाही. आज जग ज्याला 'जसंच्या तसं जतन केलेलं मध्ययुगीन शहर' म्हणून बघायला येतं (युनेस्कोच्या यादीत ते १९९५ मध्ये आलं) त्याचं एक साधं कारण असं की नवं बांधायला कुणाकडे पैसा नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. राज्य गेलं, सैन्य गेलं, नाणं पाडायचा हक्क गेला. पण गावातल्या आळ्या राहिल्या. त्यांना तिकडे कोन्त्रादा म्हणतात. आपल्याकडच्या पेठा-आळ्यांसारखाच प्रकार, फक्त कितीतरी पटीने पक्का. आज अशा सतरा आहेत आणि प्रत्येकीला एक चिन्ह आहे. गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, अजगरासारखा ड्रॅगन, जिराफ, साळिंदर, एकशिंगी घोडा, लांडगीण, शिंपला, हंसाच्या जातीचं बदक, लाट, बिबळ्या, अरण्य, कासव, मनोरा आणि मेंढा. अरण्याच्या निशाणावर गेंडा आहे आणि मनोऱ्याच्या निशाणावर चक्क पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती! सुरवंट आणि गोगलगाय यांचा अभिमान बाळगणारी माणसं मला मनापासून आवडली. वाघ-सिंहाचा अभिमान कोणीही बाळगेल.

या आळ्यांच्या हद्दी ठरवून दिल्या त्या व्हियोलान्ते बेआत्रीचे या बाईंनी. बव्हेरियाची राजकन्या, मेदिची घराण्याची विधवा सून, सिएनाची राज्यपाल. हद्दींवरून मारामाऱ्या होत म्हणून त्यांनी १७२९-३० मध्ये हुकूम काढला, अमक्या घरापासून तमक्या घरापर्यंत तुमची हद्द, पुढे शेजाऱ्याची. त्याच सुमारास पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला जात होता. तो हुकूम आजही लागू आहे. गावात फिरताना भिंतींच्या कोपऱ्यांवर छोट्या पाट्या दिसतात, इथे कासव संपलं, इथून गोगलगाय सुरू. रस्ता तोच, घरं तशीच, पण ओलांडणाऱ्याला माहीत असतं. कासव आणि गोगलगाय यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे, बरं का.

प्रत्येक आळीचं स्वतःचं देऊळ, स्वतःचं संग्रहालय, सभागृह, निवडून आलेला प्रमुख आणि कार्यकारिणी, हिशेब, सभासदांची वर्गणी आणि आळीचं स्वतःचं पाण्याचं कारंजं. मूल जन्मलं की चर्चमध्ये बाप्तिस्मा होतोच, पण आळीच्या सणाच्या दिवशी या कारंज्यावर त्याचा दुसरा बाप्तिस्मा होतो आणि गळ्यात आळीच्या रंगाचा रुमाल बांधला जातो. तो रुमाल जन्मभर. माणूस मिलानला नोकरीला गेला, अमेरिकेला गेला, तरी तो बदकच किंवा मेंढाच. नवरा-बायको वेगवेगळ्या आळ्यांतली असली आणि त्यातून वैरी आळ्यांची, तर उत्सवाचे चार दिवस बायको माहेरी जाऊन राहते असं सांगतात. उत्सव संपला की संसार परत सुरू.

तो उत्सव म्हणजे पालिओ. वर्षातून दोनदा होतो. २ जुलैला प्रोव्हेन्झानोच्या मेरीमातेचा आणि १६ ऑगस्टला, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. पूर्वी सरदारांचे घोडे गावभर लांबच लांब धावत. आळ्यांचे लोक म्हशी-रेडे पळवत, गाढवं पळवत. सतराव्या शतकात काम्पोच्या चौकाला फेऱ्या मारणारी घोड्यांची शर्यत रुजली आणि तीच टिकली. चौक लहान, त्यामुळे सतरा घोडे एकदम धावणं धोक्याचं, म्हणून १७२१ पासून फक्त दहा. मागच्या वर्षी त्या तारखेला ज्या सात आळ्या धावल्या नाहीत त्यांना यंदा हक्काने जागा, उरलेल्या तीन चिठ्ठ्या टाकून.

चिठ्ठ्या हा या शर्यतीचा प्राण आहे. आळीने उत्तम घोडा विकत घेऊन आणायचा आणि जिंकायचं, असं नाही. शर्यतीच्या तीन दिवस आधी, २९ जून किंवा १३ ऑगस्टला, चौकात बरेच घोडे आणतात, पळवून बघतात, आणि आळ्यांचे कप्तान मिळून त्यातले दहा निवडतात. मग कोणता घोडा कोणत्या आळीला, हे चिठ्ठीवर. चांगला घोडा निघाला की थोर मोठी माणसं रडतात, लंगडा निघाला तर तेही रडतात. घोडा घरी, म्हणजे आळीच्या तबेल्यात नेतात, आणि त्याची देखभाल करणारा माणूस चार दिवस त्याच्याजवळच झोपतो. मग सहा सराव फेऱ्या. आदल्या रात्री सगळ्या आळीची रस्त्यात टेबलं मांडून पंगत. शर्यतीच्या दिवशी दुपारी घोड्याला आळीच्या देवळात नेतात, आत, अगदी वेदीपाशी. पाद्री त्याला आशीर्वाद देतो, "जा आणि जिंकून ये" म्हणतो. सगळे श्वास रोखून गप्प उभे असतात, घोडा बुजू नये म्हणून. अशा वेळी घोड्याने देवळात लीद टाकली तर तो फार मोठा शुभशकुन समजतात.

संध्याकाळी मिरवणूक. जुन्या काळचे पोशाख, ढोल, निशाणं हवेत उडवून झेलणारे तरुण, आणि शेवटी चार पांढऱ्या बैलांनी ओढलेला रथ. त्या रथात तो 'पालिओ', म्हणजे रंगवलेला रेशमी झेंडा. हेच बक्षीस. प्रत्येक वेळी नवा चित्रकार तो रंगवतो. पैशाच्या रूपात या झेंड्याला भाव नाही, गावकरी प्रेमाने त्याला 'चिंधी' म्हणतात. मिरवणुकीतली एक गोष्ट बघणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. सहा घोडेस्वार असतात, शिरस्त्राणांची तोंडं बंद केलेली. कोंबडा, सिंह, अस्वल, ओक, तलवार आणि नागीण या सहा आळ्या पूर्वी होत्या, मग संपल्या. त्यांचे हे स्वार. आळी नाही, माणसं नाहीत, पण त्यांची जागा मिरवणुकीत अजून राखलेली आहे.

शर्यत म्हणाल तर तीन फेऱ्या, सुमारे एक किलोमीटर, सव्वा ते दीड मिनिट. स्वाराला खोगीर नाही. हातात बैलाच्या वाळवलेल्या नसेचा चाबूक, तो घोड्यालाही मारायचा आणि शेजारच्या स्वारालाही. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी आळी जिंकली. नऊ घोडे दोरांच्या मध्ये उभे राहतात, दहावा मागून पळत येतो तेव्हा सुरुवात होते. कधी यायचं हे त्या दहाव्या स्वाराच्या हातात. म्हणून तोवर स्वारांमध्ये घोड्यावर बसल्या बसल्या, हजारोंच्या देखत, कुजबुजत सौदे चालतात. स्वार हे बाहेरचे, भाड्याचे, पुष्कळसे सार्डिनिया बेटावरचे. आंद्रेआ देगोर्तेस नावाचा सार्डिनियन स्वार चौदा वेळा जिंकला. लोक त्याला 'आचेतो', म्हणजे व्हिनेगर, म्हणत. १९५७ च्या ऑगस्टमध्ये रोझान्ना बोनेल्ली ही मुलगी गरुड आळीकडून धावली होती.

बँकेतल्या माणसाला यातलं अर्थकारण बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आळ्या एकमेकींशी आधीच गुपचूप करार करतात. तू मला मदत कर, मी जिंकले तर तुला इतके देईन. वैरी आळीला अडवणं हे स्वतः जिंकण्याइतकंच महत्त्वाचं. जिंकलेल्या आळीने स्वाराला मोठी रक्कम द्यायची, मदत करणाऱ्या आळ्यांचे देणे फेडायचे, महिनोन्‌महिने जेवणावळी घालायच्या. म्हणजे वहीत बघितलं तर जिंकणं हा सगळा खर्च आणि हरणं ही बचत. आणि हातात काय, तर चिंधी. तरीही हरलेल्या आळीत सुतक असतं. त्यातही दुसऱ्या नंबरावर येणं सर्वांत वाईट. शेवटच्या नंबरापेक्षाही वाईट.

यात सगळं गोड नाही. चौकाच्या वळणांवर घोडे पडतात, पाय मोडतात, काही मरतात. प्राण्यांसाठी काम करणारे लोक वर्षानुवर्षं ही शर्यत बंद करा म्हणताहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वळणावर गाद्या लावल्या, घोड्यांच्या तपासण्या कडक केल्या, नाजूक हाडाच्या शुद्ध इंग्लिश जातीचे घोडे बंद केले. पण धोका संपलेला नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून जो वाद झाला तो ज्यांनी वाचला आहे त्यांना दोन्ही बाजू ओळखीच्या वाटतील. मारामाऱ्याही होतात. १९४५ मध्ये महायुद्ध संपल्याच्या आनंदात 'शांततेचा पालिओ' भरवला. तो ड्रॅगन आळीने जिंकला, सुरवंटवाल्यांना ते सहन झालं नाही आणि शांततेचा तो झेंडा फाडून त्याच्या चिंध्या केल्या.

आता पुन्हा बँकेकडे. १६२४ मध्ये ग्रँड ड्यूकने मारेम्मा भागातल्या सरकारी कुरणांचं उत्पन्न ठेवीदारांसाठी हमी म्हणून दिलं. कुरणं म्हणजे 'पास्की', तेच बँकेच्या नावात आलं. म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या बँकेची हमी गवताची! पण गवत दरवर्षी उगवतं, आणि बँक साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं उत्तम चालली. १९९५ मध्ये बँक वेगळी आणि तिची मालकी असलेलं प्रतिष्ठान वेगळं झालं. बँकेचा नफा प्रतिष्ठानातून गावात यायचा. विद्यापीठ, इस्पितळ, जुन्या इमारतींची दुरुस्ती, खेळ, सगळीकडे हा पैसा. गावकरी बँकेला गावाचा 'बाबा' म्हणत.

नोव्हेंबर २००७ मध्ये या बँकेने आन्तोनव्हेनेता नावाची दुसरी बँक ९ अब्ज युरोंना विकत घ्यायचं ठरवलं. विकणाऱ्या स्पॅनिश बँकेने तिची किंमत काही आठवड्यांपूर्वीच ६.६ अब्ज धरली होती. साध्या शाखेत दोन लाखांचं कर्ज देताना आम्ही मूल्यांकनाचे दोन दोन दाखले मागत असू. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली. तोटे दडवण्यासाठी केलेले गुंतागुंतीचे व्यवहार २०१३ मध्ये उघड झाले. खटले झाले, वरिष्ठ अधिकारी खालच्या कोर्टात दोषी ठरले, अपिलात सुटले. २०१७ मध्ये इटलीच्या सरकारला पैसे घालून दोन-तृतीयांशांहून अधिक हिस्सा घ्यावा लागला. गावाच्या प्रतिष्ठानाकडे एकेकाळी निम्म्याहून अधिक मालकी होती, ती नावापुरतीच राहिली. गावाचा बास्केटबॉल संघ देशात अव्वल होता, तो २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेला, फुटबॉल संघाचंही तेच झालं.

मी गेलो ते यानंतर. बँकेचं मुख्यालय असलेला सालिम्बेनी वाडा बाहेरून पाहिला. दिमाखदार, शांत. तिथून दोन वळणं घेऊन खाली उतरलो तर एका आळीच्या सभागृहाचं दार उघडं होतं. आत सात-आठ जण टेबलाभोवती बसले होते, निवृत्त वयाचे आणि अगदी तरुणही. एक बाई मोठ्या वहीत काहीतरी लिहीत होती. मी दारातून डोकावलो तर एका आजोबांनी आत बोलावलं, भिंतीवरचे जिंकलेले झेंडे दाखवले, साल सांगून. भाषा मला येत नव्हती, पण साल कळत होतं. वर्गणीची वही मात्र मी भाषेशिवायही ओळखली. रकाने तेच होते.

पालिओ दोन्ही महायुद्धांत बंद होता, २०२० आणि २०२१ मध्ये कोव्हिडमुळे बंद होता. बँक बुडाली तेव्हा मात्र एकदाही बंद पडला नाही.

जिंकलेल्या आळीचं मोठं जेवण शर्यतीनंतर लगेच होत नाही, पावसाळा सुरू होण्याआधी, शरद ऋतूच्या सुरुवातीला होतं. आळीचा सगळा रस्ता टेबलांनी भरतो, हजारो माणसं बसतात. पांफोर्ते नावाची सुकामेव्याची घट्ट वडी वाटतात. तिच्यात सतरा जिन्नस घालतात, सतरा आळ्यांचे, असं म्हणतात. वर मानाच्या जागी झेंडा टांगलेला असतो. त्याच्याजवळच्या मानाच्या जागेवर प्रमुख नसतो, कप्तान नसतो, स्वारही नसतो. तिथे जिंकलेला घोडा असतो, आणि त्याच्यासमोर टेबलावर त्याचा खुराक मांडलेला असतो.